शेवटी आलेले पाच

काकासाहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. दुर्गाबाईंनी तिच्यावर नवऱ्याला बसवलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. हसनाबादहून सकाळच्या गाडीनं आलेल्या धर्मराजच्या पायांवर इतकी सूज होती, की चपलेचे पट्टे कातडीत रुतले होते.

मस्तगडातल्या या छोट्या सेवा क्लबचे काकासाहेब अकरा वर्षं खजिनदार होते. बारा रुग्णांच्या डायलिसिसचा अर्धा खर्च क्लब उचलायचा. यंदा देणग्या आटल्या. राखीव निधी मोडला, तर दिवाळीपर्यंत तोही संपेल आणि बाराही जण एकदमच उघड्यावर पडतील, हे काकासाहेबांनीच बैठकीत मांडलं होतं. शेवटी आलेल्या पाच जणांची मदत थांबवायची, असा ठराव झाला. सांगायचं काम कुणी घेईना, तेव्हा तेही त्यांच्याच गळ्यात पडलं. आज रविवार पाहून त्यांनी पाचही जणांना बोलावलं होतं.

"पुढच्या महिन्यापासून क्लबला जमणार न्हाई," ते म्हणाले.

"पैसे सरले का, भाऊ?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"न्हाई. थोडे राखून ठेवलेत."

"मंग ते कशासाठी?"

काकासाहेबांनी समोरचा पेन उचलला, पुन्हा ठेवला.

"बाकीच्या सात जणांचं वर्षभर तरी निभावं म्हणून."

दुर्गाबाईंची बोटं नवऱ्याच्या खांद्यात रुतली.

"म्हंजी आमी कुठं मोजण्यातच न्हाई."

"गप गं," धर्मराज म्हणाला. मग थोडा दम घेऊन काकासाहेबांकडे वळला. "साहेब, आमचं आमी बघू. पण शेजारच्या खाटेवर एक पोरगी येऊन राह्यली, अक्षता. नववीत आहे. सुई टोचली की माझं बोट धरती. तिचं तेवढं बंद करू नका."

पाचातलं शेवटचं नाव अक्षताचंच होतं. काकासाहेबांनी यादीवर पालथा हात ठेवला.

"न्हाई करत," ते म्हणाले.

धर्मराजनं हात जोडले. बायकोच्या आधारानं तो उठला, दाराबाहेर गेला. तिथल्या बाकावर अक्षता आईला टेकून बसली होती.

"तुझं बराबर चालू राहणार हाय, पोरी," त्याचा आवाज आत आला. "आत्ताच साहेबांनी शब्द दिला."

पोरगी काहीतरी बोलली आणि बाहेर सगळेच हसले. दुर्गाबाईसुद्धा.

पुढचं नाव पुकारायला काकासाहेबांनी यादीवरचा हात उचलला. तेवढ्यात अक्षताची आईच पदर सावरत दारात आली.

"येऊ का, भाऊ?"