दोन बटणांचा दिवा

‘वायरमन’ ही पदवी त्याला बायकोने दिली होती, आणि तीही टोमणा म्हणून. नोकरी त्याने जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फायली इकडून तिकडे सरकवण्याची केली; पण घरी आला, की चपला काढायच्या आधी हातात टेस्टर. “कचेरीत पाणी, घरात वीज. दोन्ही एकत्र आणू नका म्हणजे मिळवली,” ती म्हणायची. त्याने टोमणा ठेवून घेतला आणि पदवी मिरवली.

त्याचं सर्वांत मोठं काम म्हणजे पॅसेजमधला दिवा. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये एक लांबलचक, बिनखिडकीचा पॅसेज होता. बायको आवराआवर करून त्यातून चाचपडत यायची. म्हणून त्याने दोन टोकांना दोन बटणं बसवली: स्वयंपाकघरापाशी लावा, खोलीच्या दारापाशी विझवा. पाहुण्यांना चहाच्या आधी तो दिवा दाखवला जाई. पाहुणे “वा!” म्हणत, आणि पुन्हा लवकर येत नसत.

आता त्या दिव्याला दोन तारा हव्यात, एक वीज नेणारी आणि एक परत आणणारी. जाणारी त्याने स्वयंपाकघरातल्या बोर्डावरून घेतली. परतीचीही तिथूनच आणायला हवी होती; पण शिडी डुगडुगत होती आणि भिंतीवरच्या, तारा झाकणाऱ्या पट्टीत जागा कमी होती. ती त्याने खोलीतल्या बोर्डाला जोडून टाकली. दिवा लागला. दिवा लागला म्हणजे काम बरोबर, असा त्याचा सिद्धान्त होता. मोठमोठी खातीसुद्धा याच सिद्धान्तावर चालतात, तिथे त्या बिचाऱ्याला काय बोल लावायचा!

बऱ्याच वर्षांनी बायकोचे कान गेले. लेक लांब राहायची. तिने आईला कानामागे लावायचं यंत्र घेऊन दिलं. यंत्रावर एक बारीक कळ होती. ती सरकवली की बाहेरचा कलकलाट बंद, आणि फक्त फोनमधलं माणूस कानाशी येऊन बोलणार. फोन पॅसेजमध्ये स्टुलावर होता. लेकीचा फोन येताच बायकोने मोठ्या अपेक्षेने कळ सरकवली आणि तोंड कसनुसं केलं.

“अहो, हिच्या मागे कोणीतरी सारखं घूंऽऽ करतंय.”

“कोण करणार? जावई असेल.”

“चेष्टा पुरे. मला पोरीचा शब्द कळत नाहीये.”

झालं, वायरमनच्या अंगात आलं. विजेचीच गडबड आहे हे त्याने अचूक ओळखलं आणि घरभर चोर शोधत सुटला. फ्रीज बंद करून पाहिला, दूध नासलं. ट्यूबलाइटचा चोक बदलला. वरच्या मजल्यावरच्या बाईंना मिक्सरबद्दल विचारायला गेला, तर त्यांनी महिनाभर बोलणं टाकलं. पंखा, पंप, शेजाऱ्याची घंटा, सगळ्यांची झडती झाली. पॅसेजमधल्या दिव्याची तेवढी झाली नाही. उलट, हे सगळं नीट दिसावं म्हणून तो दिवा लावूनच तपास चालू होता.

एके दिवशी त्याने विचारलं, “आहे का गं तो आवाज अजून?”

“गेला,” ती म्हणाली.

“बघ! चोकच होता.”

“हो ना. चोकच.”

त्याच सुमारास तिला एक नवी खोड लागली. फोन आला की ती स्वयंपाकघराकडचं बटण दाबून दिवा विझवायची आणि अंधारात स्टुलावर बसून बोलायची. हा खोलीच्या दारातून पुन्हा लावायचा.

“अगं, बिल माझ्या पेन्शनीतून जातं, तुझ्या माहेरून नाही. लाव की दिवा!”

“मला अंधारात बरं ऐकू येतं.”

तो लावायचा, ती उठून विझवायची. दोन बटणांचा असा उपयोग कोणत्याही पुस्तकात दिलेला नव्हता. पुढे तोच कंटाळला आणि येईल त्याला सांगू लागला, “आमच्या हिचे कान डोळ्यांना जोडलेत. उजेड पडला की बहिरी!” लोक हसत. तीही हसे.

मग एका संध्याकाळी फोन वाजला. दिवा विझवून ती घाईघाईने निघाली, आणि स्टुलाच्या पायात पाय अडकून पडली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून ती घरी आली नाही.

भेटायला येणाऱ्यांना तो पॅसेजमध्ये नेऊन बटणं दाखवायचा. “दिवा होता हो. एक सोडून दोन बटणं होती. पण बाईमाणूस हट्टी.” लोक माना डोलवत. या खेपेला ‘वा’ कोणी म्हणत नव्हतं.

होता होता त्याचेही कान मंदावले. लेक फोनवर ओरडून ओरडून थकली. “बाबा, तुमचं यंत्र येईपर्यंत आईचं लावून बघा ना. कपाटातच आहे.”

त्याने लावलं. तिच्या कानाच्या मापाचं होतं. नीट बसेना, बोटाने दाबून धरावं लागलं. कळ सरकवली. घूंऽऽ. कानात कोणी जातं फिरवावं तसं.

त्याला आधी आनंद झाला. अरे, म्हणजे चोर अजून घरातच! त्याने सगळे फ्यूज काढले. शांत. एकेक परत लावत गेला. फ्रीज, पंखा, ट्यूब, शांत. मग पॅसेजमधलं दिसेना म्हणून त्याने तिथल्या दिव्याचा उरलेला फ्यूज बसवला.

घूंऽऽ.

विझवला. शांत. लावला. घूंऽऽ.

यंत्र कानाशी धरून तो भिंतीभिंतीने फिरला. जाणारी आणि येणारी तार शेजारी-शेजारी असली, तर एकीचा गोंगाट दुसरी मारते. त्याच्या तारा मात्र दोन वाटांनी गेल्या होत्या, आख्ख्या पॅसेजला वळसा घालून. आणि त्या वेढ्याच्या ऐन मध्यावर फोनचं स्टूल होतं. हे त्याने मागेच वाचलेलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं.

फोन वाजला. त्याने दिवा विझवला. स्टुलावर बसला.

“बाबा, ऐकू येतंय?”

“येतंय.” लेक इतकी जवळ होती की तिचा श्वास कळत होता. “तुला ठाऊक होतं का गं? हा दिव्याचा…”



“आईने शोधून काढलं होतं. मी म्हटलं, सांग ना त्यांना, अर्ध्या दिवसात दुरुस्त करतील. तर म्हणाली, ‘नको गं. त्यांनी एवढ्या हौसेने माझ्यासाठी बसवलाय. आयुष्यात एक गोष्ट त्यांना धड जमलीय, ती कशाला मोडू?’”

“असं म्हणाली?”

“हसत म्हणाली हो, बाबा.”

“हसतच म्हणणार,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने शिडी काढली. ती अजून डुगडुगत होती. धरायला खाली कोणी नव्हतं. खोलीतल्या बोर्डावरची तार सोडवली, पट्टी उघडली, आणि परतीची तार जाणारीच्या अंगाला अंग लावून स्वयंपाकघरापर्यंत नेली. जागा होती. पहिली तार जरा सरकवावी लागली, एवढंच.

दिवा लावून, यंत्र कानाला धरून तो स्टुलावर बसला. काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काम खरोखर बरोबर झालं होतं. पिवळ्या उजेडात फोन, स्टूल, फरशी, सगळं लख्ख दिसत होतं, आणि कानात टाचणी पडलेलीही कळावी अशी शांतता.

उठून त्याने स्वयंपाकघराकडचं बटण दाबून दिवा विझवला आणि खोलीच्या दारापाशी असलेल्या दुसऱ्या बटणाकडे बघत उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. दिवा विझलेलाच राहिला.