छबूआत्याची थकबाकी आणि आबासाहेबांच्या शाली

छबूआत्याचा प्रस्ताव काष्टीच्या पेन्शनर मेळाव्यात एकमताने मंजूर झाला. पेपरात फोटोही आला. आता हे झालंच नाही असं धरून पुढे चला. सरकारनेही तसंच धरलंय.

छबूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, सरकारी नर्सबाई म्हणून रिटायर झालेली. कर्जतकडच्या वाड्यावस्त्या पायी तुडवून तिने लोकांना सुया टोचल्या आणि स्वतःचे गुडघे झिजवले. तिच्या पेन्शनचा फरक सरकारने कैक वर्षं अडवून ठेवला आणि मग एका वर्षी सगळा एकदम दिला. लगेच आयकर खात्याला वाटलं, म्हातारी श्रीमंत झाली. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे करात गेले. यावर सवलतीचा फॉर्म असतो आणि त्या फॉर्मला मुदत असते, हे तिला मुदत संपल्यावर सांगण्यात आलं.

म्हणून तिचा प्रस्ताव एका ओळीचा होता: उशीर सरकारचा असेल तर थकबाकीवरची सवलत सरकारने आपणहून द्यावी, फॉर्म मागू नये. पेन्शनरांच्या कराबद्दल सूचना ऐकायला नगरहून एक साहेब येणार होते. त्यांच्यापुढे ती ओळ वाचायची, एवढंच काम.

पण संघटनेचे अध्यक्ष आबासाहेब. शाल घातल्याशिवाय त्यांना माणूस दिसतच नाही. साहेबांना फेटा, शाल, नारळ. साहेबांच्या ड्रायव्हरला तेच. न आलेल्या पाहुण्यांच्या वतीने जो आला, त्याला एक शाल स्वतःची आणि एक न आलेल्यांची. मे महिना, पत्र्याचं मंगल कार्यालय, आणि स्टेजवर सगळे केदारनाथला निघाल्यासारखे बसलेले. सत्कार संपले तेव्हा साहेबांची निघायची वेळ झाली होती.

आबासाहेबांनी माईकवरून छबूबाईंचा प्रस्ताव एकमताने मंजूर झाल्याचं जाहीर करून टाकलं. आत्या कशीबशी पायऱ्या चढून वर गेली.

"आबा, आजून वाचलाच न्हाई."

"ताई, मंजूर झालेला प्रस्ताव वाचून उगं शंका कशाला काढायची?" म्हणत आबासाहेबांनी तिलाही शाल पांघरली. नोकरीभर सरकारी सत्कारांत मिळालेल्या अशाच शालींनी तिची ट्रंक आधीच भरलेली.

आत्याने शालीसकट माईक ओढला. "साहेब, उशीर तुमी केला. दंड माज्या गुडघ्याला का?"

साहेब उठून म्हणाले, भावना पोचल्या. या दोन शब्दांत आमच्याकडे माणूस जिवंत पुरता येतो. वर टाळ्याही पडल्या.

साहेब गेले. आत्याला मात्र खाली उतरता येईना. चढताना धरलेला गुडघा वाकायचं नाव घेईना. शेवटी मी आणि एका वाढप्याने तिला उचललं. ती आबासाहेबांच्या सात पिढ्या काढत होती, तेवढ्यात पेपरवाल्याने फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'प्रस्ताव मंजूर, छबूबाईंना उचलून घेत जल्लोष.' शिव्या देताना उघडलेलं तोंड फोटोत चांगलं हसरं आलंय.

आत्याने मला समोर बसवून अर्ज लिहायला लावला. शिव्या तेवढ्या मी गाळल्या, बाकी तिचंच:

'महोदय, माझा कर आपणाकडे जमा आहे व आपल्या कौतुकाच्या ट्रंकभर शाली माझ्याकडे पडून आहेत. तरी सदर शाली जमा करून घेऊन कर परत करण्यात यावा. गुडघ्यामुळे मला समक्ष हजर राहता येणार नाही. सबब ट्रंक उचलण्यास सक्षम असा अधिकारी माझ्या राहत्या घरी पाठवावा, ही नम्र विनंती.'