सोडतीतली बाबागाडी

मी बाबागाडी बोलतेय. निळ्या रंगाची, चार चाकांची, वर घडीचं छत असलेली. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईनं माझा ब्रेक दाबून पाहिला, खात्री वाटेना म्हणून पुन्हा दाबला आणि म्हणाली, "जा बाई आता बाळाकडे." तेव्हापासून मी बाळाची वाट बघत होते. मला मिळाला क्लब.

हा क्लब समाजसेवा करणाऱ्यांचा. दर बुधवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सभा भरायची. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. चिटणीस होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांच्या पुढ्यात पितळी घंटा. कुणी उशिरा आलं, कुणाचा फोन वाजला, की घंटा वाजायची आणि दंड भरावा लागायचा. डॉक्टरांचं भाषण लांबलं तरी घंटा. हा दंड आणि वार्षिक कार्यक्रमातली सोडत, यातून शाळेतल्या मुलांना चष्मे घेऊन द्यायचे. काम चांगलं होतं, मी नावं ठेवणार नाही. फक्त चष्म्यांवर जितकं बोलणं व्हायचं, त्याच्या दुप्पट बोलणं चहाबरोबर बिस्कीट गोड आणायचं की खारं, यावर व्हायचं.

एका खेळणीवाल्यानं दुकान आवरताना मला क्लबला देऊन टाकलं आणि मी सोडतीतलं पहिलं बक्षीस झाले. आता कुणाच्या तरी घरी जाणार, म्हणून मी हरखून गेले होते. पण मला जिंकलं कुणी? शिंपीकाकांनी! वय साठीच्या पुढं, लग्न केलेलं नाही.

"काका, आता तरी घाई करा!" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसून हसून आडवा झाला. काकांचे कान लाल झाले. ते माइकवर कसंबसं म्हणाले, "मी ही गाडी क्लबलाच परत देतो. पुढच्या वर्षी पुन्हा सोडतीत लावा." टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि तिथंच माझं नशीब फुटलं, कारण ती पद्धतच पडून गेली.

पुढच्या वर्षी जिंकले एक आजोबा, ज्यांची नातवंडं मिशा फुटलेली. त्यांनी परत दिली. मग खुद्द डॉक्टर जिंकले, त्यांनीही भाषण करून परत दिली. पुढं पुढं तर जिंकणारा खुर्चीतून उठला की टाळ्याच सुरू व्हायच्या. त्याला तोंड उघडायची गरजच उरली नाही.

आणि वर्षभर माझ्यात झोपायचं कोण? क्लबचा जुना लाऊडस्पीकर! त्याला धूळ लागू नये म्हणून वरून पांघरूण घालायचे. लोक माझ्यातून रद्दी गोळा करायचे, खुर्च्या न्यायचे, एकदा तर कलिंगडं नेली. उतारावर मला सारखी धास्ती वाटायची, ब्रेक लावला असेल ना? कलिंगडांच्या वेळी नव्हता लावला. ते जाऊ दे.

एकदा मोठ्या बाई क्लबचे टेबलक्लॉथ माझ्यात घालून इस्त्रीच्या दुकानात आल्या. दुकान एवढंसं. एक ताई इस्त्री करत होती, तिची सासू घड्या घालत होती आणि टेबलाखाली चादरीवर एक बाळ रांगत होतं. मी बघतच राहिले. इतक्या जवळून बाळ मी प्रथमच बघत होते.

ताई एक हात मारायची आणि खाली वाकून बघायची. पुन्हा एक हात, पुन्हा वाकायची.

"अगं, कंबर मोडेल तुझी," मोठ्या बाई म्हणाल्या.

"काय करू बाई? परवा यानं वायर धरून ओढली. इस्त्री टेबलाच्या पार टोकाला आली. मी हातानंच अडवली." तिनं तळवा दाखवला. चांगलाच भाजला होता. "घरी कुणी नाही बघायला. इथं पाळणा टांगायला जागा नाही. जीव टांगणीला लागलेला असतो नुसता."

"आमच्या वेळी पोरं अशीच वाढली," सासू म्हणाली.

"तुमच्या वेळी इस्त्री कोळशाची होती, आई. तिला वायर नव्हती."

सासूनं घडी जरा जोरात घातली.

ताईनं टेबलक्लॉथ काढून घेतले, मला मागेपुढे करून पाहिलं आणि ब्रेक दाबला. मग पुन्हा दाबला. तेव्हाच मी मनातून तिची झाले. मोठ्या बाईंनी तिला सोडतीचं तिकीट दिलं. तिनं ते कनवटीला लावलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. डॉक्टरांनी डब्यात हात घालून चिठ्ठी काढली आणि नाव वाचलं. "पहिलं बक्षीस, इस्त्रीचं दुकान!"

ताई बाळाला कडेवर घेऊन उठली. चेहरा असा उजळला होता! पण ती उठली मात्र, टाळ्या सुरू.

"ताईंनी बाबागाडी क्लबला भेट दिली आहे!" डॉक्टर माइकवर गरजले. "केवढं हे मोठं मन!"

कुणी तिच्या हातात गुलाबाचं फूल दिलं. दोघांनी मला ढकलत सामानाच्या खोलीकडे न्यायला सुरुवातही केली. माझा धीर सुटला. सासू पदर ओढत होती, "बस खाली. चार लोकांत शोभा नको."

ताई बसली. बाळानं गुलाब तोंडात घातला. तिनं तो काढला आणि पुन्हा उठली.

"अहो, मी कुठं दिली?"

टाळ्यांमध्ये कुणाला ऐकू जाणार? मोठ्या बाईंनी घंटा बडवली. हॉल गप्प झाला.

"मी दिलेली नाही," ताई म्हणाली. "मला हवीय ती."

डॉक्टर गडबडले. "पण ती परत द्यायची असते." मग मोठ्या बाईंकडे वळून, "तसा नियम आहे ना?"

"नियम नाही. खोड आहे."

मागून शिंपीकाका उठले. "डॉक्टर, मी परत दिली, कारण मला मूलबाळ नाही. तिच्या कडेवर काय आहे, टिफिन?"

हॉल पुन्हा आडवा झाला. मोठ्या बाईंनी घंटा वाजवली, "अध्यक्षांना दंड! दुसऱ्याची वस्तू न विचारता दान केली."

मग सगळ्यांसमोर मला रिकामं केलं. लाऊडस्पीकर निघाला, वायरींचा गुंता निघाला आणि तळाशी डॉक्टरांची छत्री निघाली, जिच्यावरून ते शिंपीकाकांशी दोन महिने बोलत नव्हते. दोघंही हॉलच्या छताकडे बघायला लागले.

ताईनं बाळाला माझ्यात ठेवलं. आणि त्यानं असं भोकाड पसरलं की काय सांगू!

"बघा, त्यालाही परत द्यायचीय!" कुणीतरी ओरडलं.

मला रडूच यायचं बाकी होतं. घाबरून ताईनं मला पुढं ढकललं आणि माझं चाक कुईं करून वाजलं. या चाकाला तेल घालायचं दर सभेत ठरायचं. बाळ थांबलं. पुन्हा कुईं. बाळ हसलं.

आता मी इस्त्रीच्या दुकानात समोरच्या भिंतीला लागून असते. वायर इथवर पोचत नाही. ताई अजूनही वाकून बघते, पण कधीतरीच. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माझ्या सुनेनं भर सभेत मागून घेतली!" क्लबचं चष्म्यांचं काम जोरात आहे. यंदा पहिलं बक्षीस मिक्सर होता. तो शिंपीकाकांना लागला आणि ते तो उचलून कुणाशी न बोलता थेट घरी गेले म्हणे.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणी उठून उभं राहिलं, तर आधी त्याला बोलू द्या, टाळ्या मग वाजवा. आणि आता निघताना चपला जरा हातात घ्या. बाळाचा आत्ताच डोळा लागलाय.