पंजाबरावांच्या आजोबांचा डोळा

मंगरूळपीरच्या उस्मानचं नाव होतं ते बैलबंड्या रंगवण्यात. चाकांवर वेल, जुवावर मोर. माणसाचं तोंड त्याने कधी काढलं नव्हतं. पंजाबरावांच्या ओसरीवर त्यांच्या आजोबांची फळीवरची जुनी तसबीर होती. चेहरा बाजूने, डोळा मात्र समोरून, पार कानापर्यंत. तिचा रंग उडत चालला होता.

"तशीच काढून दाखव," पंजाबराव म्हणाले. "जमलं तं नवी तसबीर तुह्याकडूनच. नाई तं अकोल्याचा पेंटर आणतो."

उस्मानने ओसरीवरच सरावाला फळी घेतली. पागोटं जमलं, मिशी जमली. डोळा उघडला की तसबिरीत जीव येतो, म्हणून तो शेवटी काढायचा, ही जुनी रीत. तो काढला आणि आजोबा नुकतीच मिरची चावल्यासारखे दिसू लागले. उस्मान पुसायला फडकं शोधतोय तोवर पंजाबरावांच्या आई तुळसाबाई येऊन कुंकू लावून मोकळ्या झाल्या.

"माय, हा सराव हाय! पुसायचा हाय!"

"डोळा उघडला ना? मंग मामंजीले पुसतं काय रे मुडद्या?"

पुढच्या दोन फळ्यांचंही तेच झालं. जुने धरून ओसरीवर चार आजोबा झाले. चौघांना वेगवेगळा नैवेद्य.

"अरे, माह्या बापाले एकच बाप होता!" पंजाबराव ओरडले. "डोळ्याबिगर सराव कर!"

न जमणारी गोष्ट तेवढी डोळाच होती. उस्मान फळी घेऊन घरी गेला, तर बायकोने, सरवरीने, दारातच अडवलं.

"जिथं नमाज पढतो तिथं तोंडं काढून राह्यले? भायेर!"

एका घरी डोळा काढला की पूजा, दुसऱ्या घरी गुन्हा. राहिला नथ्थू माळ्याचा मळा. तिथल्या बुजगावण्यांना मडक्यांची डोकी होती.

"काढ ना बापा," नथ्थू म्हणाला. "पाखरं भेली म्हंजे झालं."

वांग्यांच्या वाफ्यांत उस्मानने चुन्याने डोळ्यांमागून डोळे काढले. काही उचकी लागलेले, काही झोप मोडलेले. शेवटी एका मडक्यावर मिशीपागोट्यासकट चेहरा उतरला आणि डोळा बसला. शांत, करडा, समोरच्याची लबाडी आधीच ठाऊक असलेला.

तेवढ्यात तुळसाबाई भाजीला आल्या. बांधावरच थबकल्या. डोक्यावरून पदर घट्ट ओढला.

"अगो माय! मामंजी, उन्नात काहून उभे तुमी?" मग नथ्थूवर खेकसल्या, "पाह्यतं काय? सावलीत ने त्यायले!"

नथ्थूने बुजगावणं उपटलं आणि त्यांच्या मागोमाग ओसरीवर नेऊन टेकवलं.

नवी फळी पंजाबरावांनी त्याच संध्याकाळी उस्मानकडे पाठवली. सोबत निरोप होता: काम तुझंच, पण आता सराव बंद.