बटण डावीकडे की मध्ये

आमच्या मराठी मंडळात फूट पडली ती देणगीवरून नाही, अध्यक्षपदावरून नाही, मोदक उकडीचे की तळणीचे यावरूनही नाही. ती पडली कॉम्प्युटरच्या स्टार्टच्या बटणावरून. हे मी बाहेर फारसं सांगत नाही. लखनौत मराठी माणसं आधीच मोजकी, त्यात ही असली, म्हटल्यावर लोक दया आल्यासारखे बघतात.

मंडळातली निम्मी माणसं मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेतून निवृत्त झालेली. जन्मभर रूळ, ब्रेक आणि स्प्रिंगा तपासल्या, आणि घरी बसल्यावर तपासायला काही उरलंच नाही. अशात कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलं, की ऑपरेटिंग सिस्टीमचं नवं व्हर्जन येतंय. कधी, कसं, कुणालाच माहीत नव्हतं, आणि नेमकं तेच या मंडळींना मानवलं. स्टार्टचं बटण पूर्वी पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात असायचं, मग ते मध्ये आलं. आता पुढे काय? धनंजयकाका म्हणाले, डावीकडे परत जाणार. लक्ष्मीकांतकाका म्हणाले, मध्येच राहणार. झालं! गेल्या गणपतीत धनंजयकाकांचा गट आरतीला मूर्तीच्या डाव्या हाताला उभा राहिला आणि लक्ष्मीकांतकाकांचा बरोब्बर मध्ये. मधल्यांमुळे बाकी कुणाला गणपती दिसला नाही.

दर रविवारी ही मंडळी आमच्या सरोजिनी नगरच्या घरी जमतात, कारण माझे बाबा कुठल्याच गटात नाहीत. बाबांची, म्हणजे बाळकृष्णरावांची, सगळी नोकरी ब्रेकच्या विभागात गेली. "थांबा, कळेल," एवढंच ते म्हणतात. आई सगळ्यांना चहा देते आणि कप जरा आपटूनच ठेवते. विमानतळ जवळ आहे. डोक्यावरून विमान गेलं की सगळे वाक्य अर्धवट टाकून गप्प बसतात, आणि ते गेलं की तिथूनच पुढे भांडायला लागतात.

अशा घरात माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा सौरभ, मूळचा नांदेडचा, नोकरीला हैदराबादला. आणि नोकरी कुठे? ज्या कंपनीची ती ऑपरेटिंग सिस्टीम, त्याच कंपनीत.

मी अबोली. हजरतगंजमध्ये एका बँकेत आहे. घरात एकुलती एक. मला लग्न करायचं होतं आणि लखनौ सोडायचं नव्हतं. आईचे गुडघे दुखतात, बाबा एकटे बँकेतसुद्धा जात नाहीत, आणि या दोघांना मागे टाकून हैदराबादला संसार थाटायचा, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. म्हणून सौरभला एकच विचारायचं होतं, की तू इथे येशील का? साधा प्रश्न. पण फोनवर प्रत्येक वेळी मी हवापाण्याची चौकशी करून फोन ठेवला. त्याचं हसणं मला आवडायला लागलं होतं ना. विचारलं आणि तो नाही म्हणाला तर?

विचारण्याऐवजी मी काय करायचे, तर बँकेतल्या गीताबरोबर त्याचे मेसेज तपासत बसायचे. त्याने एकदा लिहिलं, "लखनौ छान शहर असेल." पुढे अंगठा.

"अंगूठा है तो पॉज़िटिव है यार," गीता म्हणाली. "लेकिन 'असेल' क्यों लिखा? आने का मन होता तो 'आहे' लिखता." गीता कानपूरची असून माझ्यामुळे मराठीची एवढी चिकित्सा करायला शिकली होती. घरच्या काकांना मी हसायचे, ते कुठल्या तोंडाने, देव जाणे.

मुलगा आणि त्याची आई रविवारी विमानाने येणार आणि संध्याकाळच्याच विमानाने परत जाणार, असं ठरलं. मी बाबांना शपथ घातली, की मंडळात अवाक्षर काढायचं नाही. बाबांनी शपथ पाळली. पण आई पोह्यांसाठी ओलं खोबरं मागायला धनंजयकाकांच्या घरी गेली, आणि खोबरं कशाला हवंय ते तिला सांगावं लागलं. लखनौत ओलं खोबरं कुणी उगाच मागत नाही.

रविवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सौरभ आणि त्याची आई लतिकाबाई दारात आले तेव्हा त्यांच्या बुटांना जागा करायला दोन कुंड्या हलवाव्या लागल्या. मी पोहे घेऊन बाहेर आले. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही.

"काय सौरभराव," धनंजयकाका म्हणाले, "डावीकडे की मध्ये?"

"काका, मी प्रिंटरच्या टीममध्ये आहे. नव्या व्हर्जनचं मला खरंच काही माहीत नाही."

लक्ष्मीकांतकाका समजूतदारपणे हसले. "बरोबर आहे. असंच म्हणावं लागतं."

"नाही हो, खरंच माहीत नाही."

"जेवढा माणूस वरचा, तेवढा तो खालचा विभाग सांगतो," लक्ष्मीकांतकाका बाकीच्यांना म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रिंटर म्हणाला म्हणजे अगदी गाभ्यातलाच माणूस असणार, असं तिथल्या तिथे ठरलं.

"प्रिंटरचं कळतं ना?" आई म्हणाली. "मग आमचा बघा जरा. दिवाळीपासून बंद पडलाय." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

माणूस बोलत नसेल तर त्याची चाचणी घ्यायची, ही संस्थेची पद्धत. रूळ तरी कुठे बोलतो? सौरभच्या बशीत लिंबाची फोड डावीकडे आणि खोबरं मधोमध ठेवलेलं होतं. ही व्यवस्था दोन्ही गटांनी स्वयंपाकघरात येऊन मान्य केली होती, हे मला नंतर कळलं. सौरभने चमचा उचलला. सगळे पुढे झुकले. त्याने चमचा खाली ठेवला. सगळे मागे टेकले.

"अहो, खाऊ द्या की त्याला," लतिकाबाई म्हणाल्या. "सकाळपासून काही नाही पोरग्याच्या पोटात."

त्याने पोहे कडेकडेने खाल्ले, लिंबाला हात लावला नाही आणि खोबरं शेवटी सगळं एकदम खाल्लं. यावर दोन्ही गटांनी आपापला विजय जाहीर केला. मग त्याने चहाचा कप टीपॉयवर ठेवला, तेव्हा धनंजयकाकांनी खिशातून मोजपट्टी काढून कपाचं कडेपासूनचं अंतर मोजलं. मग त्याने बाथरूम कुठे आहे म्हणून विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात लक्ष्मीकांतकाकांनी मला हाताने अडवलं. "त्याचं त्याला शोधू दे. उत्स्फूर्तपणे."

बिचारा पॅसेजमध्ये उभा राहिला. डावीकडे आईबाबांची खोली, समोर बाथरूम, उजवीकडे स्वयंपाकघर. मागे अख्खं मंडळ श्वास रोखून उभं. वरून विमान गेलं. ते जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मग वळून त्याने माझ्याकडे बघितलं. इतका केविलवाणा माणूस मी पाहिला नव्हता. मला हसू आलं, आणि लगेच रडूही येईल असं वाटलं. हा आता इथून निघेल, विमानात बसेल, आणि आयुष्यात लखनौचं नाव काढणार नाही. माझा प्रश्न माझ्यापाशीच राहील.

"समोरचं दार," मी ओरडले. मंडळाने माझ्याकडे फितूर असल्यासारखं बघितलं.

तो आत गेला आणि लतिकाबाईंनी घड्याळ बघितलं. निघायच्या आधी एक फोटो तरी काढू, असं आई म्हणाली. मोबाइल कुणी धरायचा यावर वाद झाला, कारण डाव्या गटाचा माणूस फोटो डावीकडे सरकवेल, अशी मधल्यांना शंका. शेवटी शेजारच्या तिवारीजींना बोलावलं. ते आल्या आल्या "बधाई हो, बधाई हो!" म्हणाले, कारण एवढी गर्दी म्हणजे साखरपुडाच, असा त्यांचा समज झाला.

आमचा सोफा तीन माणसांचा. मी डाव्या टोकाला बसले. मध्ये जागा, उजवीकडे जागा. सौरभ बाथरूममधून आला आणि मंडळ एकदम शांत झालं. आता तो कुठे बसतो, त्यावर सगळं ठरणार होतं. आणि खरं सांगायचं तर मीही तेच बघत होते. माझ्या शेजारी मध्ये बसला तर येईल इथे. टोकाला बसला तर नाही. काकांच्या आणि माझ्या डोक्यात त्या क्षणी काडीचा फरक नव्हता.

सौरभने इकडेतिकडे बघितलं. बाबा गर्दीच्या मागे भिंतीला टेकून उभे होते. सौरभ गेला, त्यांचा हात धरून त्यांना घेऊन आला, सोफ्यावर मध्ये बसवलं आणि स्वतः उजव्या टोकाला बसला.

"मध्ये!" लक्ष्मीकांतकाका ओरडले.

"तो स्वतः उजवीकडे बसलाय!" धनंजयकाका ओरडले. "उजवीकडे म्हणजे... अरे, हा तिसराच प्रकार झाला!"

उजवीकडची शक्यता आजवर कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. खोलीत हलकल्लोळ माजला. माझा मात्र ऊर भरून आला होता. बाबांना मध्ये बसवलं! म्हणजे बाबांसकट, म्हणजे इथेच...

"बाबांना मध्ये का बसवलंत?" मी विचारलं.

"अं? ते मागे होते," सौरभ म्हणाला. "फोटोत आले नसते."

 मला स्वतःचाच इतका राग आला, की बाबांच्या अंगावरून वाकून मी त्याला म्हटलं, "हे बघा, मी आईबाबांना सोडून हैदराबादला येणार नाही. तुम्ही लखनौला राहायला याल का?"

"स्माइल कीजिए," तिवारीजी म्हणाले.

"येईन," सौरभ म्हणाला. "मला घरून काम करता येतं. मी आईशीही बोललोय. तुम्ही विचाराल म्हणून इतके दिवस वाट बघत होतो."

लतिकाबाईंनी मान डोलावली. "मी नांदेडला माझ्या बहिणीजवळ आहे. माझी काळजी करू नका, बाई."

तिवारीजींनी फोटो काढला. त्यात माझं तोंड उघडं आहे.

आणि मंडळ? मंडळाला यातलं एक अक्षर पटलं नाही. "येईन म्हणाला," धनंजयकाका जिन्यात हळू आवाजात म्हणाले. "एवढं सरळ? यात काहीतरी आहे." "लखनौला का यावंसं वाटतं याला?" लक्ष्मीकांतकाका म्हणाले. कित्येक महिन्यांनी ते दोघे एकमेकांशी न भांडता बोलत होते. सौरभ आणि लतिकाबाई विमानतळाकडे गेले, तरी खाली फाटकाशी चर्चा चालूच होती.

मी वर आले. आई कप गोळा करत होती. बाबा अजून सोफ्यावर मध्येच बसले होते.

"अबोली," ते म्हणाले, "तो येईन म्हणाला. त्याचा अर्थ काय लावायचा?"

"येईन असाच लावायचा, बाबा."

"म्हणजे तू जाणार नाहीस?"

"नाही."

"मी कधी थांब म्हटलं नव्हतं तुला," बाबा म्हणाले. "म्हणायचं नाही असं ठरवलं होतं." मग त्यांनी चष्मा काढला आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आईने हातातले कप खाली ठेवले, मुळीच आवाज न करता, आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.