मंडईचा पाव्हणा

नाकाडोंगरीत मंडईच्या जत्रेदिवशी दारोदार पाण्याची बादली आणि लोटा ठेवतात. दिवाळी सरली की लेकी, जावई, सोयरे येतात, दारात पाय धुतात, पोटभर जेवतात आणि रात्री नाचगाण्याची दंडार बघायला बसतात. सकाळी भरलेली बादली ज्याच्या दारात संध्याकाळपर्यंत तशीच राहिली, त्याला जगात कोणी नाही असं गाव खुशाल समजतं. म्हाताऱ्या बाबूलालनंही त्या वर्षी बादली भरली, तीही काठोकाठ. एक तरी पाव्हणा दारात यावा, एवढंच त्याला हवं होतं.

बाबूलाल कानपूरकडचा, म्हणून गावाचा भैय्याजी. धान भरडायचं इंजिन या भागात पहिल्यांदा आणलं ते यानंच. तुमसरहून बैलगाडीवर, जंगलातून, चाक रुतेल तिथं स्वतः खांदा लावून. इंजिनाच्या तांदळानं पोट फुगतं म्हणून आधी कोणी फिरकलं नाही. मग एकेक बाई मुसळ टाकून आली आणि रांग लागली. त्या काळी मंडईला त्याच्याकडे सोयरे नसायचे, पण धान आणणारे सगळेच त्याचे पाव्हणे. त्याची बायको शकुनबाई पुऱ्या तळून तळून थकायची आणि हा दारात उभा राहून लोकांना हाताला धरून आत ओढायचा.

ते दिवस बघता बघता गेले. शकुनबाई गेली, मूलबाळ नव्हतंच. गावात वीज आली. बाबूलालच्या हाताखाली इंजिनाचा पट्टा चढवायला शिकलेल्या इश्वरनं सडकेवर विजेची गिरणी टाकली. इश्वरचं चुकलं असंही म्हणवत नाही, त्यालाही पोट होतंच. पण बाबूलालचं इंजिन गंजलं आणि तो इंजिनाच्याच टिनाच्या शेडमध्ये राहायला आला.

यंदा इंजिनाचे उरलेसुरले पितळी भाग भंगारवाल्याला देऊन त्यानं तेल, गूळ, कणीक आणली. धान मात्र इश्वरच्या गिरणीतून भरडून आणावं लागलं. तिथंच त्यानं आमंत्रण दिलं.

"इश्वर, मंडईले जेवाले ये बरं. तुझ्या माणसायले घेऊन ये."

"पाहू ना, भैय्याजी," इश्वर पट्ट्यावरची नजर न काढता म्हणाला.

एवढ्यावर म्हाताऱ्यानं दहा माणसांचा स्वयंपाक केला! भात, पुऱ्या, भोपळ्याची भाजी, गुळाची खीर. सगळं झाकून तो बादलीशेजारी बसला.

दुपारी धोतरातला एक परका माणूस दारात थांबला. बाबूलाल गुडघे विसरून उठला आणि लोटा भरून पुढे झाला.

"इश्वर गिरणीवाल्याचं घर कोणतं, बाबाजी?"

लोटा हातातच राहिला. "सडकेवर, पिंपळाच्या पुढं. पण दोन घास खाऊन जा ना. सगळं तयार आहे."

"नाही जी. सोयरे वाट पाहून राहिले."

तो गेला. नंतर कितीतरी पाय दारावरून गेले, नवे कपडे, लहान पोरं, हसणं. बाबूलाल प्रत्येकाकडे बघून हसत होता. हसून हसून त्याचा चेहरा दुखायला लागला, तरी थांबवेना.

दिवेलागणीला शेजारची सत्यभामाबाई पदराखाली ताट घेऊन येताना दिसली. ती पाव्हणी नव्हती, वाढायला येत होती. बाबूलालला ते एका नजरेत कळलं आणि तो लाजेनं अर्धा झाला. धडपडत आत जाऊन त्यानं भाताच्या गंजावर, पुऱ्यांच्या परातीवर धानाची रिकामी पोती टाकली.

"भैय्याजी, एकट्या जीवानं काय रांधलं असन म्हणून घेऊन आली. पाव्हणे जेवून गेले, उरलं होतं."

"बरं केलं, बाई. चूल पेटवलीच नाही मी."

"अन् हे बादली कायले भरून ठेवली?"

"आंघोळीले," बाबूलाल म्हणाला.

ती गेल्यावर तो पोत्यांकडे पाठ करून बसला आणि तिचा गार भात शितन्‌शीत खाल्ला. मग बादलीतल्या पाण्यानं ताट घासून स्वच्छ केलं, म्हणजे ते पाणी कशाला तरी लागलं. तिकडे दंडारीचा ढोल सुरू झाला होता.

पुढच्या मंडईला त्यानं बादली भरली नाही, चूलही पेटवली नाही. दुपारपासून तो सत्यभामाबाईच्या दाराकडे बघत बसला होता, तिचे पाव्हणे कधी जेवून उठतात याची वाट बघत.