लिंबोणीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. बायकांच्या एका घरात, फळीवर, इस्त्री आणि फुटका थर्मास यांच्या मधे मी बसून असतो. इस्त्रीला अधूनमधून बोलावणं येतं. थर्मासला नि मला येत नाही.

हे घर पराग्वे नदीकाठच्या एका गावात आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. रुसू नका. का सांगत नाही, ते गोष्ट ऐकल्यावर तुम्हाला कळेल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं इतकंच आठवतं, की माझ्यासारखे शेकडो जण शेजारी शेजारी बसलेले होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माणसाचा पहिला आवाज मी ऐकला तो इथे, चर्चच्या छोट्याशा रेडिओ केंद्रात. "हां, ऐकू येतंय का रे गाढवा?" असं कोणीतरी माझ्या कानाशी ओरडलं. ते अनास्तासियोबाबा. ते सगळ्यांनाच गाढव म्हणत, पण शर्टाच्या बाहीने पुसून ठेवत ते फक्त मला.

बाबांच्या खांद्यावर बसून मी खूप हिंडलो. जत्रेतली हार्पवादनं टिपली. हरवलेल्या वासराची वर्णनं टिपली, दूर शेतावर राबणाऱ्या मुलांना आयांनी पाठवलेले निरोप टिपले. संध्याकाळी ते सगळं रेडिओवर लागे आणि लोक ओसरीत बसून ऐकत. थंडगार तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या गार पेयाचा, पेला हातोहात फिरत असताना बाबा मित्रांना सांगत, "याचे कान बघा! डास शिंकला तरी टिपतो." त्या दिवसांत मला वाटे, मी साऱ्या गावाचा आहे.

मग रेडिओत नवी यंत्रं आली. मी जड होतो, जुना होतो. बाबांनी मला शेवटचं पुसलं आणि या घरात आणून दिलं. "याला काम द्या," ते देओलिंदाबाईंना म्हणाले, "रिकामा बसला की बिघडतो." त्यानंतर ते मला कधी भेटले नाहीत.

या घराला बाहेर पाटी नव्हती. मित्रांनो, आपलं घर म्हणजे जिथे आपल्याला कोणी मारत नाही अशी जागा, असं तुम्हाला वाटत असेल. सगळ्यांचं घर तसं नसतं. नवऱ्याच्या, बापाच्या माराला कंटाळून, कधी जीव मुठीत घेऊन बाया इथे येत. काही आठवडे राहत, सावरत, मग कुठेतरी काम धरून नवी खोली घेत. घर चालवायच्या देओलिंदाबाई. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या. स्वयंपाक आणि बाकी सगळं बघायची लिब्राडामावशी. घर सोडण्याआधी प्रत्येकीने सांगावं, इथे काय बरं वाटलं, काय खुपलं, अशी बाईंची इच्छा होती. पुष्कळजणींना लिहिता येत नव्हतं. म्हणून मला मधे ठेवलं.

पण बाया काय सांगणार? समोर देओलिंदाबाई बसलेल्या. ज्यांनी अंथरूण दिलं, त्यांच्या तोंडावर तक्रार कशी करायची? "सगळं छान आहे हो," एवढंच म्हणत आणि माझ्याकडे अशा बघत, जणू मी चावेन.

मग एक दिवस ती आली. तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते माझ्याकडून निघणार नाही. तिची लहान मुलगी अंगणात कोंबडीमागे धावत होती. बाईंनी माझं बटण दाबलं. तिने खुर्ची पुढे ओढली.

"खरं सांगू? राग नाही ना यायचा?"

"नाही गं. सांग."

"न्हाणीघराला कडी नाही. अंगावर पाणी घेताना मी एक पाय दाराला लावून ठेवते. तुम्ही म्हणाल, इथे कसली भीती? पण अंगाला कुठे माहीत असतं घर बदललंय ते?"

स्वयंपाकघरातून लिब्राडामावशी ओरडली, "अगं भवाने, मग मला नाही का सांगायचं!" आणि त्याच दुपारी तिने स्वतः बाजारातून कडी आणून ठोकली. वाकडीच बसली, पण लागली. त्या दिवशी न्हाणीघरातून गाणं ऐकू आलं. मित्रांनो, मला वाटलं, माझं सगळं आयुष्य या एका कडीसाठीच होतं.

काही महिन्यांनी राजधानीतून एक बाई आल्या. घराला मदत करणाऱ्या संस्थेतल्या. मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी कडीची गोष्ट ऐकली आणि त्यांचे डोळे पाणावले. म्हणाल्या, "हे लोकांनी ऐकायला हवं, देओलिंदा. तिच्याच आवाजात. रेडिओवर लावू या. असली घरं किती गरजेची आहेत, ते कळेल तरी."

देओलिंदाबाई घुटमळल्या. मग त्यांनी टेप पुन्हा पुन्हा ऐकली, नाव होतं ती जागा काढून टाकली, मुलीचं नाव काढलं, आणि तिची प्रत काढून घेऊ दिली.

तिला विचारलं नाही. ती तोवर घर सोडून गेली होती. दोन गल्ल्या पलीकडे चिपांच्या, म्हणजे चीज घातलेल्या छोट्या पावांच्या, भट्टीवर तिला काम मिळालं होतं. पायी जाऊन विचारण्याइतकं जवळ. पण नाव तर काढलंय, मग विचारायचं काय, असं बाईंना वाटलं.

एका सकाळी ती घरात शिरली ती पिठाच्या हातांनीच. मी टेबलावर होतो. तिने माझ्यावर हात ठेवला.

"बाई, माझा आवाज कोणाला दिलात?"

"काय झालं गं?"

"पीठ मळत होते. वर रेडिओ चालू. आणि तिथून मीच बोलायला लागले! मालकीण म्हणाली, 'अगं, ही तर तू!' सगळ्या हात थांबवून बघायला लागल्या माझ्याकडे. आंघोळीचं बोलत होते मी. आंघोळीचं! ते मी तुम्हाला सांगितलं होतं. नदीच्या दोन्ही काठांना नाही सांगितलं."

"नाव काढलं होतं गं मी. नीट ऐकून काढलं होतं."

"नाव!" ती हसली, पण ते हसू नव्हतं. "माझ्या आईला मी अंधारात खोकले तरी कळतं. आणि तो? इतकी वर्षं माझं रडणं ऐकत जेवला तो. त्याला नाव लागेल होय?"

देओलिंदाबाई खुर्चीत बसल्या. फळ्यावरचं गणित चुकल्यावर बाई बघतात तशा त्या माझ्याकडे बघत होत्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुला विचारायला हवं होतं."

"मग विचारा ना आता."

बाईंनी मला जवळ ओढलं. मग बाई हळूच म्हणाल्या, "पुसून टाकू का?"

"पुसा. माझ्यासमोर पुसा."

माझ्या माइकच्या भोकात नुसती तार खुपसली, की मी बहिरा होतो, आणि टेपवर जे असेल त्यावर शांतता भरत जातो. तसंच केलं. तिच्या एकेका वाक्यावरून मी रिकामेपणा ओढत गेलो. कडी गेली. दाराला लावलेला पाय गेला. अंगणातली कोंबडीसुद्धा गेली. ती शेवटपर्यंत उभी राहून बघत होती.

जाताना म्हणाली, "पुढच्या बाईला नाव विचारूच नका. माहीतच नसलं तर सांडणार कुठून? झाडाचं नाव घ्यायला सांगा."

"तुला काय म्हणू?"

"लिंबोणी म्हणा. आंबट आहे, आणि काटेही आहेत."

दोन-तीन दिवसांनी तिचा नवरा दारात उभा राहिला. तो नदीवर मालाची बोट चालवायचा. धुक्यात बंदरं कानाने ओळखायची, हेच त्याचं काम. रेडिओवर बायकोचा आवाज त्याने ओळखलाच, पण त्याहून एक गोष्ट त्याने ऐकली, जी आमच्यातल्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

"तिच्या मागे भोंगा वाजत होता," तो लिब्राडामावशीला सांगत होता. "बर्फाच्या कारखान्याचा. तो इथला आहे. या गल्लीतून असाच ऐकू येतो. कुठे आहे ती?"

डास शिंकला तरी टिपणारे माझे कान! खिडकी उघडी होती. लिंबोणी बोलत होती तेव्हा भोंगा झाला, आणि मी इमानेइतबारे तोही टिपून ठेवला.

मावशीच्या हातात मुसळ होतं. तिने ते खाली ठेवलं नाही. "इथे आम्ही बाया शिवणकाम करतो. पँट उसवली असली तर काढून दे, नाहीतर वाट सुधार."

तो गेला नाही. समोरच्या कट्ट्यावर बसला. पोलिसांनी उठवला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसला. घरातल्या बाया खिडकीपाशी जाईनात. बाहेर वाळत घातलेले कपडेही कोणी काढेना. लिंबोणीला मावशीने मागच्या वाटेने निरोप पोचवला. ती त्याच दिवशी मुलीला घेऊन, कलिंगडांच्या ट्रकमधून, नदीच्या खालच्या अंगाला निघून गेली. भट्टीवरचं काम गेलं. खोली गेली. नुकत्या जमलेल्या दोन मैत्रिणी गेल्या. एवढं सगळं तिने स्वतःच्या हाताने उभं केलं होतं.

देओलिंदाबाई बसने राजधानीला गेल्या. त्या टेपच्या तीन प्रती निघाल्या होत्या. दोन परत आणल्या आणि अंगणात जाळल्या. तिसरी कोणी कोणाला दिली, ते कोणालाच सांगता आलं नाही. मित्रांनो, ती अजूनही कुठल्यातरी खणात असेल. तिच्यात लिंबोणी अजूनही कडीबद्दल बोलत असेल. तोंडातून सुटलेला शब्द परत येत नाही असं म्हणतात. माझ्या तोंडातून सुटलेला तर जागोजागी उगवतो.

त्यानंतर घरात सगळं बदललं. बाईंनी स्वतः समोर बसणं सोडलं. दुसऱ्या गावची एक परिचारिका येई. तिला ना अंथरूण द्यायचं होतं, ना काढून घ्यायचं होतं. खिडकी लावली जाई. आधी विचारलं जाई, आणि बोलून झाल्यावर पुन्हा विचारलं जाई, "ठेवू की पुसू?" ठेव म्हटलं, तरी नुसतं म्हणणं कागदावर उतरवायचं आणि आवाज पुसून टाकायचा. कोणी "मला नाही बोलायचं" म्हटलं, तर तेरेरेचा पेला तिच्यापुढे तसाच येई.

माझ्यासमोर मग आंबा आली, पेरू आली, निवडुंग आली. त्या खरं बोलल्या. डाळीत मीठ जास्त असतं इथपासून, मावशी फार ओरडते आणि ओरडणं ऐकलं की मागे सोडलेलं घर आठवतं इथपर्यंत. ते वाचून दाखवलं तेव्हा मावशी एप्रनमध्ये तोंड लपवून रडली आणि त्यानंतर कुजबुजत ओरडू लागली.

पण मी? प्रत्येक आवाज माझ्याजवळ तासभर राही आणि मग मीच तो पुसे. तुमचे मित्र शाळा सुटली तरी दुसऱ्या दिवशी भेटतात. माझं तसं नव्हतं. निवडुंग म्हणणारी बाई किती गोड हसायची, ते मला माहीत आहे, पण ते हसू कोणाला ऐकवता येणार नाही. रात्र झाली की पोटात कोरी टेप घेऊन मी बसून राही. रेडिओत होतो तेव्हा सारं गाव माझ्यात बोलत असे. आता मी एक रिकामी खोली होतो. लिंबोणीला तरी मला सांगायचं होतं, की तुझं काहीही माझ्याकडे उरलेलं नाही. पण ती आली नाही.

वर्षं गेली. एकदा नदीच्या खालच्या अंगाची एक बाई आली. परिचारिकेने नेहमीसारखं विचारलं, "बोलायचंय का? नाही म्हटलंत तरी चालेल."

"ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाली. "आमच्या बाजाराच्या गावी एक चिपा विकते. तिने सांगितलं, त्या घरात जा. तिथे आधी विचारतात. म्हणाली, मी शिकवलंय त्यांना."

परिचारिकेला यातलं काही कळलं नाही. तिने ते लिहूनही घेतलं नाही. मला मात्र कळलं. त्या दिवशी पुसताना माझी चाकं मधेच अडखळली. सगळ्यांना वाटलं, मी म्हातारा झालो.

झालोच होतो. लिब्राडामावशी वारली. देओलिंदाबाई बहिणीकडे राहायला गेल्या. माझा पट्टा तुटला, आणि तसला पट्टा आता मिळत नाही. मला या फळीवर ठेवलं ते कायमचं.

मित्रांनो, तुमच्या हातात आता माझ्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण कानांची यंत्रं आहेत. त्यांना डोळेही आहेत. कोणी विश्वासाने काही सांगितलं, तर ते त्याचंच असतं, तुम्ही फक्त राखणदार. चांगल्या कामासाठी का होईना, दुसऱ्या हाती द्यायचं असेल तर चार पावलं चालत जा आणि विचारा. नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला जात नाही. आणि काम झालं की पुसा. रिकामं राहायला जड जातं, मला माहीत आहे. तरी पुसा.

आता इथे निमिया नावाची तरुण मुलगी काम करते. आज सकाळी ती स्वयंपाकघरात नव्याने आलेल्या एका बाईजवळ बसली होती. हातात फोन होता.

"तुमचं म्हणणं यात घेऊ का, ताई?"

"नको," बाई म्हणाली. मग घाबरून, "माझी खोली जाईल का?"

"खोलीचा नि याचा काही संबंध नाही." निमियाने फोन आणून माझ्या शेजारी फळीवर ठेवला आणि परत गेली. "मंडिओका सोलायला मदत करता का? हे कंद बघा, संपतच नाहीत."

सुरीचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग ती बाई आपणहूनच म्हणाली, "एक सांगू?"

निमिया उठली आणि तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. पुढचं ना फोनला ऐकू आलं, ना मला.